फ्युएली घेण्याआधी: मिशिगनमधल्या एका कॉर्व्हेट-तपासनिसाबद्दल

काय घेतलं: जुन्या कॉर्व्हेटची (शेवरलेची स्पोर्ट्स कार) खरेदीपूर्व तपासणी, लेखी अहवालासकट
कुठे: डेट्रॉइट आणि आसपास
मार्क: पाचपैकी साडेचार

गाडी घ्या की घेऊ नका, यातलं काहीही हा माणूस सांगत नाही. किंमत बरोबर आहे का, हेही सांगत नाही. येतो, बघतो, फोटो काढतो आणि दिसलं तेवढं लिहून देतो. ‘डोळे झाकून घ्या’ असं ऐकायला ज्यांना आवडतं त्यांनी याच्यावर पैसे घालू नयेत. माझा स्वतःचा जन्म गाड्यांचे सुटे भाग पास आणि रिजेक्ट करण्यात चाललाय, त्यामुळे असा माणूस भेटला की मला बरं वाटतं. नाव-नंबर इथे टाकत नाही. त्याला कामं ओळखीतूनच हवी असतात. पण अशी तपासणी कशी असावी आणि ती का करावी, हे सांगण्यासारखं आहे.

नवऱ्याला १९६३ ची कॉर्व्हेट हवी होती. तीही साधी नाही, फ्युएल इंजेक्शनवाली. इकडे तिला ‘फ्युएली’ म्हणतात. मी विरोध करून करून दमले आणि शेवटी एकच अट घातली: पैसे द्यायच्या आधी आपल्या ओळखीतला नाही, विकणाऱ्याच्या ओळखीतला नाही, असा तिसरा माणूस आणून बघायची. जाहिरात झकास होती. लाल कन्व्हर्टिबल, चार गिअर, ३६० हॉर्सपॉवर, ‘मॅचिंग नंबर्स (म्हणजे इंजिनाचा आणि गाडीचा नंबर जुळतो), खरी फ्युएली’. सोबत इंजिनावरच्या नंबराचा फोटो. आणि किंमत अशी, की तेवढ्यात नाशिकला गंगापूर रोडवर बरा टू बीएचके यावा.

या गाडीत एवढं काय आहे ते आधी सांगते, नाहीतर पुढची भानगड कळणार नाही.

शेवरलेने १९५७ साली कॉर्व्हेटला ‘रॅमजेट’ इंजेक्शन द्यायला सुरुवात केली. ते बनवायचा रॉचेस्टर प्रॉडक्ट्स, म्हणजे जनरल मोटर्सचाच न्यूयॉर्क राज्यातला विभाग. मूळ काम जॉन डोल्झा या इंजिनिअरचं, आणि ते कॉर्व्हेटमध्ये आणण्यामागे शेवरलेचा इंजिनिअर झोरा आर्कस-डन्टॉव्ह, ज्याचं नाव घेताना इथले लोक आजही आदराने कानाला हात लावतात. २८३ क्यूबिक इंचांचं इंजिन, आणि त्याच्या सगळ्यात तिखट रूपात २८३ हॉर्सपॉवर. इंचाला एक घोडा! जाहिरातवाल्यांना याहून सोपी ओळ कुठे मिळणार? खरं तर आदल्याच वर्षी क्रायस्लरच्या ३००बीमध्ये ३५४ क्यूबिक इंचांतून ३५५ हॉर्सपॉवरचा पर्याय मिळत होता, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. कॉर्व्हेटची मूळ किंमत ३,१७६ डॉलर आणि इंजेक्शनचे वर ४८४, म्हणजे गाडीच्या सातव्या हिश्शाहून जास्त. त्या वर्षी ६,३३९ कॉर्व्हेट बनल्या, त्यातल्या १,०४० इंजेक्शनच्या.

माझे बाबा सातपूरच्या मायकोत, म्हणजे बॉशच्या नाशिकच्या कारखान्यात होते, डिझेलच्या नोझलवर. नीडल आणि बॉडीमध्ये दोन-तीन मायक्रॉनची फट ठेवण्यात त्यांनी सगळी नोकरी काढली. नवऱ्याने त्यांना रॅमजेटची आकृती पाठवली आणि रात्री व्हिडिओ कॉलवर माझी परीक्षा सुरू झाली.

“अगं, यात प्लंजर कुठंय?”

“प्लंजर नाहीये बाबा. गिअर पंप आहे. डिस्ट्रिब्युटरवरून केबल येते, त्यावर फिरतो.”

“मग टायमिंग?”

“टायमिंग नाहीच. आठही नोझल सतत चालू. इनटेक पोर्टमध्ये मारतात.”

बाबा जरा गप्प झाले. “मग मोजतं कोण?”

मोजते ती हवाच. हवा व्हेंचुरीतून, म्हणजे मध्ये अरुंद होणाऱ्या नळीतून, आत जाताना तिथला दाब उतरतो, तो एका डायफ्रामला कळतो, डायफ्राम एक स्पिल व्हॉल्व्ह हलवतो, आणि नको असलेलं पेट्रोल त्या व्हॉल्व्हमधून परत बाऊलमध्ये सांडतं. हवा जास्त आली की परत जाणारं पेट्रोल कमी. वायर नाही, सेन्सर नाही, सगळा मामला दाब, स्प्रिंग आणि तरफांचा. बाबांचा निकाल: डोकं चालवलंय, पण आपल्याकडे हे पास झालं नसतं.

त्यांना जवळची वाटते ती मर्सिडीजची ३०० एसएल, १९५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात आलेली, पंखासारखे वर उघडणाऱ्या दारांची. तिच्यात बॉशचा सहा प्लंजरचा पंप, डिझेलच्या इनलाइन पंपाचा सख्खा भाऊ, आणि पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये. चार-स्ट्रोक इंजिनाच्या रस्त्यावरच्या गाडीत असं पहिल्यांदाच झालं. (दोन-स्ट्रोकमध्ये गुटब्रॉड आणि गोलियाथ या छोट्या जर्मन गाड्यांनी ते आधीच करून दाखवलं होतं.) एसएलचीही खोड आहेच. चावी बंद केली तरी इंजिन पूर्ण थांबेपर्यंत पंप पेट्रोल मारतच राहतो, ते सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत ऑइलमध्ये मिसळतं, म्हणून ऑइल फार वेळा बदलावं लागतं. बाबा हे ऐकून हसले, कारण दोष ओळखीचा होता.

पण अस्सलपणाच्या दृष्टीने दोन्ही गाड्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो यंत्राचा नाही, कागदाचा. ३०० एसएल कूपे बनल्या १,४००, आणि मर्सिडीजच्या दप्तरात त्यांची नोंद आहे: कोणतं इंजिन, कोणता रंग. गाडीचा सातबाराच म्हणा. १९६३ च्या कॉर्व्हेटला तो नाही. तिच्या व्हीआयएनमध्ये, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकात, वर्ष कळतं, ८६७ वरून कन्व्हर्टिबल कळते, ‘एस’वरून सेंट लुईसचा कारखाना कळतो. इंजिनाबद्दल एक अवाक्षर नाही. कॉर्व्हेटच्या व्हीआयएनमध्ये इंजिनाची खूण आली ती १९७२ पासून. त्याआधीच्या गाडीत काय बसवलं होतं ते लोखंडालाच विचारावं लागतं, आणि लोखंडाला खोटं बोलायला लावता येतं.

त्यात भर म्हणजे इंजेक्शनचं युनिट वरून बोल्टने बसवलेलं. ज्या काळात ही गाडी नवी होती तेव्हा गावोगावच्या डीलरच्या मेकॅनिकला याचं काही शिक्षण नव्हतं. नोझलमध्ये कचरा अडकायचा, गरम इंजिन पुन्हा सुरू व्हायला त्रास द्यायचं, आयडलिंग हलायचं. मालक वैतागला की मेकॅनिकचं उत्तर ठरलेलं: हे काढून टाका, होली कंपनीचा कार्बोरेटर बसवा. कितीतरी युनिट अशी गॅरेजच्या माळ्यावर गेली, कितीतरी भंगारात. १९६३ च्या कूपेची मागची काच मधोमध दुभागलेली असते, आणि तीही त्याच वर्षापुरती, कारण मागचं दिसत नाही म्हणून डन्टॉव्ह भांडला. तर त्या काळी हौशी मालकांनी ती दुभागणी कापून पुढच्या वर्षाची अखंड काच बसवून घेतली. आज तेच दोन्ही भाग सोन्याच्या भावाने विकले जातात. माळ्यावरची युनिट खाली उतरली, पण ती ज्या गाडीतून निघाली त्याच गाडीत परत गेली असतील याची खात्री कोण देणार?

१९६३ चं दरपत्रक बघा म्हणजे मोह कळेल. ३२७ क्यूबिक इंचांचं मूळ इंजिन २५० हॉर्सपॉवरचं. ५३.८० डॉलर जास्त दिले की ३००. १०७.६० दिले की ३४०, याचं नाव एल७६. आणि ४३०.४० दिले की इंजेक्शनचं ३६०, एल८४. त्या वर्षीच्या २१,५१३ गाड्यांत एल७६ होत्या ६,९७८ आणि एल८४ फक्त २,६१०. आता गंमत अशी की या दोघांचं पोट एकच: दोघांचं कॉम्प्रेशन ११.२५ ला १, दोघांत सॉलिड लिफ्टर (व्हॉल्व्ह उचलणारे भरीव तुकडे). कार्बोरेटर उतरवला, रॉचेस्टर चढवलं, डिस्ट्रिब्युटर बदलला, बाजूला ‘फ्युएल इंजेक्शन’ असा बिल्ला लावला की एल७६ ची एल८४ झाली. बिल्ले नवे कोरे मिळतात. युनिटवरची अॅल्युमिनियमची पट्टीसुद्धा नवी मिळते.

तपासनीस सकाळी आला तो एक जुनी पत्र्याची पेटी घेऊन. विकणाऱ्याने गॅरेजमध्ये कॉफी, भिंतीवर मागच्या मालकाच्या वेळची प्रमाणपत्रं, सगळा थाट मांडला होता. त्यात एक नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटीचं होतं. १९७४ सालची ही संस्था, तिचे परीक्षक फार बारकाईने बघतात आणि त्यांचं बक्षीस मिळणं खायचं काम नाही. पण ते बघतात ते गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी असे तशी आज दिसते का हे. ती मुळात तीच होती का, याची हमी त्या बक्षिसात नसते. तपासनिसाने प्रमाणपत्राला मान लवून दाद दिली आणि बॉनेट उघडलं.

पुढचा जवळजवळ सगळा वेळ तो ज्या जागेवर वाकला होता ती माझ्या तळहाताएवढीही नाही. उजव्या हेडच्या अगदी पुढे ब्लॉकचा एक सपाट तुकडा बाहेर डोकावतो, त्याला पॅड म्हणतात. त्यावर दोन गोष्टी ठोकलेल्या असतात. एक, इंजिन ज्या कारखान्यात जुळलं तिथली: ‘एफ’ म्हणजे फ्लिंट, मग महिना, तारीख, आणि शेवटी दोन अक्षरं जी इंजिनाची जात सांगतात. १९६३ साली आरएफ म्हणजे इंजेक्शन, आरई म्हणजे ३४० वालं एल७६. दुसरी, सेंट लुईसला गाडीत बसताना ठोकलेला व्हीआयएनचा शेवटचा भाग. दोन गावं, दोन माणसं, दोन वेगळे ठसे. म्हणून अक्षरांची वळणंही वेगळी दिसतात, आणि तशीच दिसायला हवीत. (ही दुसरी खूण १९६० पासून आली. म्हणजे १९५७ ते ५९ च्या फ्युएली घेणाऱ्यांना एवढाही आधार नाही.)

त्याने पॅड तारेच्या ब्रशने घासला नाही. कापडावर सॉल्व्हंट घेऊन हलक्या हाताने टिपला, वाळू दिला, मग हातातली बॅटरी (टॉर्च) अगदी आडवी धरली, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून. उभ्या उजेडात जे गुळगुळीत दिसत होतं त्यावर एकदम बारीक समांतर रेघा उमटल्या, पुढून मागे जाणाऱ्या. कारखान्यात ब्लॉकचा माथा ब्रोचिंगने, म्हणजे दातेरी हत्यार सरळ ओढून, सपाट करायचे, त्या हत्याराच्या या रेघा. माथा पुन्हा मशीन केला की त्या जातात आणि नंबरही जातात, मग लोक नवे ठोकतात. पण त्याने लगेच हेही सांगितलं, की रेघा नसल्या म्हणजे लबाडीच झाली असं नाही. इंजिन उघडल्यावर माथा घासून सरळ करणं हे नेहमीचं काम आहे, आणि पन्नास वर्षांपूर्वी ते करणाऱ्याला या नंबरांना पुढे भाव येईल हे स्वप्नातही नव्हतं.

या गाडीत रेघा होत्या. नवऱ्याचा चेहरा खुलला. व्हीआयएनचे आकडे जुळले, ठसा जसा हवा तसा, रेघा त्याच्यावरून अखंड. ब्लॉकच्या मागच्या फ्लँजवर कास्टिंग नंबर ३७८२८७०, जो असायला हवा तोच. ओतल्याची तारीख मार्चच्या सुरुवातीची, फ्लिंटचा शिक्का त्यानंतर आठवड्याभरातला, ग्लोव्ह बॉक्सखालच्या पट्टीवर बॉडीची तारीख त्याच्याही नंतरची. आधी ओतकाम, मग इंजिन, मग गाडी. हा क्रम उलटा निघाला तर तिथेच खेळ संपतो. इथे सरळ होता.

मग तो पुन्हा त्या दोन अक्षरांवर आला आणि भिंग काढलं. बॅटरी एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. बराच वेळ बोलला नाही. शेवटी मला म्हणाला, “तुम्ही क्वालिटीत आहात ना? बघा, मी काही सांगत नाही.”

मी बघितलं. फ्लिंटचा शिक्का सगळी अक्षरं एकाच धारकात बसवून एका घावात मारायचे, त्यामुळे खोली सारखी येते. ‘आर’ छान खोल. ‘एफ’चा उभा दांडा, वरची आडवी, मधली आडवी, छान. आणि त्या दांड्याच्या तळाशी, जिथे काहीच नसायला हवं, तिथे ब्रोचिंगच्या रेघा थांबत होत्या. साधारण दोन मिलिमीटरची पट्टी, जिच्यावर रेघा होत्या पण त्या हाताने ओढल्यासारख्या, किंचित तिरक्या, आणि धातूची चमक बाजूच्या लोखंडापेक्षा वेगळी. काहीतरी भरून वरून घासलेलं. उजवीकडून उजेड टाकला की भरावाच्या कडेने एक फिकट खाच दिसायची. तिसरी आडवी रेघ! इंग्रजीतल्या ई अक्षराचा खालचा पाय बुजवून त्याचा एफ केला होता.

“खरवडून बघता येईल?” नवऱ्याने विचारलं.

“येईल. पण गाडी माझी नाही आणि तुमचीही नाही.”

हे वाक्य मला फार आवडलं. साडेचारपैकी निम्मे मार्क याचेच.

पुढे त्याने डिस्ट्रिब्युटरवरच्या पट्टीची तारीख वाचली. तिथे पहिला आकडा वर्षाचा असतो, आणि तो ४ होता. म्हणजे १९६४ चा डिस्ट्रिब्युटर ६३ च्या वसंतात बनलेल्या गाडीत. यावरही त्याने उडी मारली नाही. वॉरंटीत बदललेला असू शकतो, असं अहवालात सरळ लिहिलं. इंजेक्शनचं युनिट मात्र अव्वल निघालं. ६३-६४ चं ७०१७३७५, ज्याला हे लोक नुसतं ‘७३७५’ म्हणतात. पट्टी जुनी, रिव्हेट न छेडलेले, आतलं काम कुणीतरी जाणकाराने केलेलं. फक्त पट्टीवरचा अनुक्रमांक कोणत्या गाडीचा, हे सांगणारा कुठलाच कागद नाही.

मग गाडी सुरू केली, आणि तेव्हा मात्र मला नवऱ्याची हौस पहिल्यांदा कळली. सॉलिड लिफ्टरची ती टकटक आणि त्याच्यावर प्लेनममधून (इंजेक्शन युनिटच्या हवेच्या पेटीतून) येणारा हवेचा एक कोरडा सुस्कारा. पेडलला पाय लागायच्या आत इंजिन उत्तर देतं. कार्बोरेटरच्या गाडीत जोराच्या वळणावर फ्लोट बाऊलमधलं पेट्रोल एका बाजूला जातं आणि इंजिन क्षणभर अडखळतं. इथे तसलं काही नाही. पेट्रोल पंपावर बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा सुरू करायला गेलो तेव्हा हट्ट सुरू झाला. नोझलकडे जाणाऱ्या बारीक नळ्यांत गरम इंजिनामुळे पेट्रोल उकळतं, आणि आजचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल त्यात भर घालतं. पेडल तळाला दाबून धरलं आणि स्टार्टर बराच वेळ फिरवला तेव्हा कुठे उठलं. विकणारा म्हणाला सगळ्या फ्युएली अशाच. हे त्याचं खरं आहे.

अहवाल आला तो फोटोंसकट. प्रत्येक फोटोत मापपट्टी ठेवलेली, उजेड कोणत्या बाजूने होता ते खाली लिहिलेलं. ‘बनावट’ हा शब्द कुठेही नाही. पॅडबद्दलचा मजकूर थोडक्यात असा: व्हीआयएनचा ठसा कारखान्याच्या ठशांशी सुसंगत, शेवटच्या अक्षराखालच्या भागात पृष्ठभागावर नंतर काम झाल्याची चिन्हं, मूळ अक्षर वेगळं असण्याची दाट शक्यता, इंजिन गाडीचं मूळ. म्हणजे गाडी सेंट लुईसहून निघाली ती ३४० हॉर्सपॉवरची, कार्बोरेटरवाली, आणि तेच इंजिन आजही तिच्यात आहे. आमच्या कंपनीत असा रिपोर्ट लिहिणारी पोरं मिळाली तर मी त्यांना कुठेच जाऊ देणार नाही.

अर्धा मार्क कापला तो खालच्या बाजूसाठी. कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची, ती गंजत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण तिच्या आत काचेभोवती आणि दारांभोवती पोलादी सांगाडा असतो आणि मिशिगनच्या मिठाच्या रस्त्यांवर तो आतल्या आत सडतो. ती दुरुस्ती इंजिनाहून महाग पडते. हा माणूस नंबरांचा पंडित, गाडी लिफ्टवर घेऊन सांगाडा बघणं त्याच्या कामात धरत नाही. फोनवर त्याने तसं आधीच स्पष्ट केलं होतं, पण त्या फीमध्ये निदान गालिचा उचलून बघायला हरकत नव्हती. फी चारशे डॉलर, शिवाय येण्याजाण्याचा खर्च. कार्ड घेत नाही, चेक लागतो. आणि डन्टॉव्हचा विषय निघाला तर अर्धा तास बाजूला काढून ठेवा.

घरी येताना नवऱ्याने विचारलं, “चालवताना काय फरक पडतो सांग?” काहीच नाही. तेच पोट, खरं रॉचेस्टर, तोच आवाज. १९६३ साली या दोन गाड्यांत ३२२ डॉलर ८० सेंटचा फरक होता, आज तो हजारांत मोजावा लागतो, आणि ते सगळे हजार त्या दोन मिलिमीटरच्या भरावावर उभे आहेत. माझ्या धंद्याच्या भाषेत, माल चांगला आहे, लेबल चुकीचं आहे. चुकीच्या लेबलचा माल मी उत्तम असला तरी पास करत नाही. लेबल बदलून आणा, सही करते. केलेली फ्युएली म्हणून, केलेल्या फ्युएलीच्या भावात, ती गाडी मी आनंदाने घेतली असती.

तसा भाव आम्ही सांगितला. एल७६ कन्व्हर्टिबलची किंमत, वर युनिटचे वेगळे. विकणारा चिडला नाही. त्याचं म्हणणं, मी घेतली तेव्हाही आरएफच वाचलं होतं. तसं असूही शकेल. काम त्याच्या आधीच्या कुणाचं असेल, आणि त्यानेही फ्युएलीचेच पैसे मोजले असतील. पण त्याला खाली यायचं नव्हतं आणि आम्हाला वर जायचं नव्हतं.

बाबांना मात्र सगळ्यात आनंद झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. इंजेक्शनच्या नादाने मी वाचत गेले तेव्हा कळलं, की रॅमजेटच्याच काळात अमेरिकेतल्या बेंडिक्स कंपनीने इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन काढलं होतं. १९५८ साली क्रायस्लरच्या मोजक्या गाड्यांना लागलं, त्यातल्या बहुतेकांवर पुन्हा कार्बोरेटरच चढले, आणि पुढे त्याचे पेटंट हक्क बॉशकडे गेले. त्यातून १९६७ साली फोक्सवॅगनमध्ये डी-जेट्रॉनिक आलं. “शेवटी आमच्याकडेच आले की,” बाबा म्हणाले, जणू सातपूरच्या गेटमधूनच ते आत गेले होते. रॅमजेट तोवर संपलंही होतं. १९६५ साली ५३८ डॉलरचं ३७५ हॉर्सपॉवरचं इंजेक्शन आणि २९२ डॉलरचं ४२५ हॉर्सपॉवरचं ३९६ क्यूबिक इंची इंजिन शेजारी शेजारी ठेवल्यावर इंजेक्शन घेतलं ७७१ जणांनी. नंतर कॉर्व्हेटला पुन्हा इंजेक्शन मिळालं ते १९८२ साली.

ती लाल गाडी परत विक्रीला लागली आहे. ‘मॅचिंग नंबर्स’ हे शब्द जाहिरातीत तसेच आहेत आणि ब्लॉकपुरते ते खरेही आहेत. ‘खरी फ्युएली’ गेलंय, त्याच्या जागी ‘फ्युएल इंजेक्टेड’ आलंय. पॅडचा फोटो काढून टाकलाय आणि किंमत तीच ठेवली आहे. नवरा अजून रोज बघतो.